पासवर्ड पॉलिसी: ओयूवर लावलेला नियम का चालत नाही, आणि ३० दिवसांच्या मुदतीचं काय करायचं

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत, ते आधी सुटे करतो. साधारण ४०० वापरकर्ते, एकच ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन (विंडोजमध्ये सगळी खाती आणि संगणक एकत्र सांभाळणारी यंत्रणा). सगळ्यांना ८ अक्षरांची अट, त्यात एक मोठं अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह; दर ३० दिवसांनी बदल; तीन चुका झाल्या की खातं लॉक. लेखा विभागाला याहून कडक नियम हवा म्हणून तुम्ही त्यांच्या ओयूवर (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे डोमेनमधला त्या विभागाचा कप्पा) १२ अक्षरांची वेगळी ग्रुप पॉलिसी (एकत्र लावायच्या सेटिंग्जचा संच) लावली, पण तिथली माणसं अजूनही ८ अक्षरांचाच पासवर्ड ठेवू शकतायत. असं का होतं, हा पहिला प्रश्न. आणि मुळात नियम कसे असावेत, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. डोमेनमधल्या खात्यांचा पासवर्ड नियम डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर ठरवतो, आणि त्यासाठी तो फक्त डोमेनच्या मुळाशी जोडलेली पॉलिसी बघतो. ओयूवर लावलेली पासवर्ड पॉलिसी लागते, पण भलतीकडेच: त्या ओयूत जे संगणक असतील, त्यांच्यावरच्या स्थानिक खात्यांना. ओयूत नुसती माणसांची खाती असतील तर तिचा कोणावरच परिणाम नाही. सेटिंग दिसते, लावता येते, कुठे एरर येत नाही, त्यामुळे फसायला होतं. मी स्वतः अशी एक पॉलिसी वर्षभर अहवालात ‘लागू’ म्हणून दाखवत होतो.

एकाच डोमेनमध्ये वेगवेगळ्या लोकांना वेगळे नियम द्यायचे तर फाइन-ग्रेन्ड पासवर्ड पॉलिसी वापरायची. तिच्या प्रत्येक नोंदीला पासवर्ड सेटिंग्ज ऑब्जेक्ट, म्हणजे पीएसओ म्हणतात. विंडोज सर्व्हर २००८ पासून ही सोय आहे, आणि २०१२ पासून ती ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटरमधून माउसने करता येते. पीएसओ ओयूला जोडत नाहीत. तो वापरकर्त्याला किंवा ग्लोबल सिक्युरिटी ग्रुपला जोडतात. म्हणजे लेखा विभागाचा एक ग्रुप करा आणि पीएसओ त्याला द्या. एखाद्या माणसावर दोन ग्रुपमधून दोन पीएसओ आले तर ज्याचा प्राधान्यक्रमाचा आकडा लहान तो जिंकतो; थेट माणसालाच जोडलेला असेल तर तो ग्रुपच्या वर. दोन्हींचं मिश्रण मात्र कधीच होत नाही. जो लागेल तो अख्खा लागतो, मूळ पॉलिसीतलं काही उसनं घेत नाही, म्हणून लॉकआउटसकट सगळे आकडे त्यात नीट भरा.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी हे लांबलचक उत्तर लिहायला बसलोय.

पासवर्डचा कुठलाही नियम समोर आला की मी एकच विचारतो: हा कोणता हल्ला अडवतो? हल्ले तसे मोजकेच आहेत. कोणीतरी लॉगिनच्या पानावर अंदाज मारत बसतो. कोणीतरी दुसऱ्याच संकेतस्थळावरून फुटलेला पासवर्ड तुमच्याकडे लावून बघतो, कारण माणसं एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात. कोणीतरी सर्व्हरमधून हॅशची (पासवर्डाऐवजी साठवलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या रूपाची) फाइल उचलतो आणि आपल्या मशीनवर निवांत फोडत बसतो. आणि कोणीतरी खोट्या पानावर तुमच्या माणसाकडूनच पासवर्ड टाइप करून घेतो. या चौथ्या हल्ल्यावर पासवर्डचा कुठलाच नियम काही करू शकत नाही. ६० अक्षरांचा पासवर्डही खोट्या पानावर तितक्याच सहज टाइप होतो.

तुमची ३० दिवसांची मुदत या चाळणीतून काढून बघा. मुळात कल्पना अशी की पासवर्ड चोरीला गेला तरी महिन्याभरात तो निकामी होईल. पण चोर महिनाभर थांबत नाही. आत शिरल्यावर पहिल्या तासातच तो दुसरी वाट करून ठेवतो. आणि माणसं दर महिन्याला नवा पासवर्ड शोधत बसत नाहीत, ती शेवटचा आकडा वाढवतात. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या सात हजारांहून जास्त बंद खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. जुना पासवर्ड हातात असेल तर त्यावरून पुढचा ओळखणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला. हॅश हाताशी असताना ४१ टक्के पासवर्ड काही सेकंदांत सापडले, आणि १७ टक्के खात्यांत तर पाच अंदाजांतच पुढचा पासवर्ड मिळाला. पाच! तेवढे अंदाज लॉगिनच्या पानावर बसूनसुद्धा मारता येतात.

हे नियम आले कुठून, हेही माहीत असलेलं बरं, कारण ऑडिटरशी बोलताना ते उपयोगी पडतं. अमेरिकेच्या निस्ट या प्रमाण संस्थेने २००३-०४ च्या सुमारास जे मार्गदर्शन काढलं, त्याच्या परिशिष्टात मोठी-लहान अक्षरं, चिन्हं आणि ठरावीक मुदतीने बदल या गोष्टी होत्या. जगभरच्या पॉलिसी त्यावरून उतरवल्या गेल्या. लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नवं मार्गदर्शन काढलं: ठरावीक मुदतीने बदल नको, अक्षर-अंक-चिन्हांची सक्ती नको, फुटलेल्या आणि नेहमीच्या पासवर्डांची यादी ठेवून ते नाकारा. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या आपल्या सुरक्षा बेसलाइनमधून (शिफारस केलेल्या सेटिंग्जच्या यादीतून) मुदतीची अट काढून टाकली. २०२५ मध्ये अंतिम झालेल्या निस्टच्या चौथ्या आवृत्तीत तर भाषा ‘करू नये’वरून ‘करताच कामा नये’ इतकी कडक झाली आहे. पासवर्ड एकटाच असेल तर किमान १५ अक्षरं. सोबत दुसरा घटक (फोनवरचा कोड किंवा सुरक्षा की यांसारखी पासवर्डाशिवायची ओळख) असेल तर किमान ८. आणि यंत्रणेने निदान ६४ अक्षरांपर्यंतचा पासवर्ड स्वीकारावा. पासवर्ड फुटल्याचा पुरावा मिळाला तर बदलायला लावणं मात्र सक्तीचं आहे. हे शेवटचं वाक्य लोक विसरतात आणि ‘निस्टने सांगितलंय, पासवर्ड बदलायची गरजच नाही’ असं सांगत सुटतात.

म्हणून मुदत काढा म्हणणं सोपं आहे, पण आधी एवढं हवं: दुसरा घटक, बंदी घातलेल्या पासवर्डांची यादी, आणि खातं फुटलंय हे कळण्याची काहीतरी सोय. यातलं काहीच नसेल तर मी मुदत शून्य करणार नाही. ती ३६५ दिवसांवर नेईन. ३० दिवस मात्र कुठल्याही परिस्थितीत नको.

लांबीबद्दल थोडं आकड्यांत बोलू, कारण इथे सगळ्यांची मतं असतात आणि हिशोब कोणी करत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरी पासवर्डचा जो एनटीएलएम हॅश ठेवते, त्याला सॉल्ट (प्रत्येक पासवर्डात मिसळायचा वेगळा यादृच्छिक तुकडा) नसतो आणि तो काढायला फार वेळ लागत नाही. सेकंदाला दहा हजार कोटी अंदाज हा वेग आज एका महागड्या ग्राफिक्स कार्डाच्या आवाक्यात आहे. कीबोर्डवरची ९५ चिन्हं धरून ८ अक्षरांचे जेवढे म्हणून पासवर्ड होतात, ते सगळे या वेगाने साधारण १८ तासांत संपतात. सगळे, म्हणजे अगदी लॉटरीसारखे काढलेलेसुद्धा. आता चिन्हं, अंक, मोठी अक्षरं सगळं सोडा आणि नुसती २६ लहान अक्षरं घ्या, पण १५: त्याच वेगाने ५०० वर्षांहून जास्त. चिन्हांची सक्ती आणि लांबी यांत कशाला वजन द्यायचं ते यातून दिसतं.

मात्र ‘चार शब्द जोडा, झालं’ हा सल्लाही मी डोळे मिटून देत नाही. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून चार शब्द काढले आणि ती यादी हल्लेखोराला माहीत आहे असं धरलं, तर याच वेगाने दहा तासांत खेळ खलास. पाचवा शब्द घातला की नऊ वर्षं, सहावा घातला की सत्तर हजार वर्षं. आणि हे फासे टाकून काढलेल्या शब्दांचं झालं. माणूस स्वतः निवडतो तेव्हा गाण्याची ओळ, श्लोकाचा चरण, मुलांची नावं असंच काहीतरी येतं. वापरकर्त्यांना मी सांगतो, की एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द घ्या: ढग, कुलूप, सायकल, मुंगी, पंखा. रोमन लिपीत सलग लिहा. (हेच पाच घेऊ नका, हे आता छापून झाले.) मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले की इंग्रजी शब्दांच्या यादीवर चालणाऱ्या प्रोग्रामची जरा पंचाईत होते हे खरं, पण त्यावर फार विसंबू नका. फुटलेल्या पासवर्डांच्या याद्यांत सगळ्या भाषांचे लोक आहेत.

देवनागरीत पासवर्ड ठेवू द्यावा का, हेही मला अधूनमधून विचारतात. हरकत नाही, पण लॉगिनच्या पडद्यावर कुठला कीबोर्ड लेआउट येईल याची खात्री नसते, आणि तिथे अडकलेला माणूस तुम्हालाच फोन करणार. स्वतःचं वेब ॲप असेल तर आणखी एक गंमत आहे. बीक्रिप्ट हे हॅश करण्याचं लोकप्रिय तंत्र पहिले ७२ बाइटच बघतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळ्या धरल्या जातात. म्हणजे २४ चिन्हांनंतर तुम्ही काय टाइप केलं याला काही अर्थच उरत नाही. नवं काही बांधत असाल तर आर्गॉन-२ हे हॅशचं तंत्र घ्या.

आता अक्षर-अंक-चिन्हांच्या सक्तीबद्दल. तुमच्या कागदावर मोठं अक्षर, अंक आणि चिन्ह तिन्ही सक्तीची लिहिली आहेत, पण विंडोजची ‘कॉम्प्लेक्सिटी’ची सेटिंग मोठी अक्षरं, लहान अक्षरं, अंक, चिन्हं आणि इतर लिप्यांची अक्षरं अशा पाच गटांपैकी कुठलेही तीन असले की समाधानी होते. शिवाय खात्याचं नाव पासवर्डात येऊ देत नाही. म्हणजे ‘पासवर्ड’ हा शब्द इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी एक, हे तिच्या लेखी पूर्ण वैध आहे. कंपनीचं नाव, ॲट आणि १२३ हेही वैध. माझ्या अनुभवात कुठल्याही कार्यालयात ‘कंपनीचं नाव ॲट चालू वर्ष’ हा पासवर्ड निदान दोन-चार जणांचा असतोच, आणि त्यातला एक बहुधा वरिष्ठ असतो.

हल्लेखोराला हे आपल्याइतकंच ठाऊक असतं. तो एका खात्यावर हजार अंदाज मारत नाही. हजार खात्यांवर एकच अंदाज मारतो. याला पासवर्ड स्प्रे म्हणतात. दर खात्यावर एकच चूक नोंदली जाते, दुसरा अंदाज तो तासाभराने मारतो, आणि तुमचं तीन चुकांचं लॉकआउट कधी लागतच नाही. याला खरं उत्तर म्हणजे बंदी यादी. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा पासवर्ड प्रोटेक्शन डोमेन कंट्रोलरवर एजंट बसवून हे काम करतं. मायक्रोसॉफ्टची स्वतःची यादी असते, शिवाय तुम्हाला तुमचे १,००० पर्यंत शब्द देता येतात, आणि ‘ए’च्या जागी ‘ॲट’चं चिन्ह किंवा ‘ओ’च्या जागी शून्य टाकून केलेल्या चलाख्या ते ओळखतं. स्वतःच्या यादीत काय घालायचं? संस्थेचं नाव आणि त्याची लघुरूपं, उत्पादनांची नावं, शाखांच्या गावांची नावं, इमारतीचं नाव, साहेबांचं आडनाव. या यादीला अर्धा दिवस द्या. सगळ्या पॉलिसीत एवढ्या कमी कष्टात एवढा फायदा दुसरीकडे कुठे नाही. लिनक्स सर्व्हर असतील तर तिथे पीडब्ल्यूक्वालिटी हे मॉड्यूल शब्दकोशाची तपासणी आणि किमान लांबी दोन्ही सांभाळतं.

आत्ताचे पासवर्ड किती वाईट आहेत ते बघायचं असेल तर ट्रॉय हंट यांच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेचा फुटलेल्या पासवर्डांचा संग्रह वापरता येतो. ऑनलाइन विचारताना पासवर्ड बाहेर जात नाही. त्याच्या हॅशची पहिली पाच अक्षरं पाठवायची, तिकडून त्या पाचांनी सुरू होणारी सगळी यादी येते, आणि जुळणी आपल्याच मशीनवर होते. संग्रह एनटीएलएम हॅशच्या रूपातही उतरवून घेता येतो, आणि डीएसइंटर्नल्ससारखं साधन वापरून आपल्या डोमेनच्या हॅशशी ताडून बघता येतो. त्यातच कोणाकोणाचा पासवर्ड अगदी एकसारखा आहे हेही कळतं, कारण सॉल्ट नसल्याने सारख्या पासवर्डांचे हॅशही सारखेच असतात. एकदा असं बघितलं तेव्हा एकाच हॅशची ऐंशीच्या आसपास खाती निघाली. हेल्पडेस्क प्रत्येक रीसेटला एकच पासवर्ड देत होता आणि ‘पुढच्या लॉगिनला बदला’वरची खूण करायला विसरत होता. हे काम करण्याआधी लेखी परवानगी घ्या, आणि त्यासाठी डोमेन डेटाबेसची जी प्रत काढाल ती काम होताच नष्ट करा. डोमेन डेटाबेसची प्रत कोणाच्या लॅपटॉपवर पडून राहणं हा तुमच्या सगळ्या कमकुवत पासवर्डांपेक्षा मोठा धोका आहे.

लॉकआउट तीनवर ठेवू नका. हा आकडा हल्लेखोराला कमी आणि कॅप्स लॉक चालू राहिलेल्या माणसाला जास्त अडवतो. उलट, ज्याला तुमच्या लोकांची खातेनावं माहीत आहेत, आणि ती तर ईमेल पत्त्यावरूनच कळतात, तो प्रत्येकावर तीन चुका करून सगळं कार्यालय बसवून ठेवू शकतो. दहा चुका, पंधरा मिनिटांनी आपोआप मोकळं, हे पुरे. निस्टची वरची मर्यादा तर सलग १०० चुकांची आहे. ‘ॲडमिनने उघडेपर्यंत बंद’ ही सेटिंग मी कधीच वापरत नाही.

इतिहास २४ पासवर्डांचा (शेवटचे २४ पुन्हा वापरता येत नाहीत) आणि किमान वय एक दिवस (एकदा बदलला की दिवसभर पुन्हा बदलता येत नाही), हे विंडोजचे मूळ आकडे तसेच राहू द्या. किमान वय कशाला, असं वाटेल. ते शून्य असलं की चतुर माणूस दहा मिनिटांत पंचवीस वेळा पासवर्ड बदलून परत जुन्यावर येतो. हसू नका, मी एक बॅच फाइल पाहिली आहे जी खास यासाठी लिहिली होती, आणि अख्ख्या विभागात फिरत होती.

माणसांची खाती झाली. पण चोराला ज्यांत खरा रस असतो ती सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसांऐवजी प्रोग्राम वापरतात ती खाती आहेत. एसपीएन (डोमेनमध्ये नोंदवलेलं सेवेचं नाव) असलेल्या सर्व्हिस अकाउंटचं केर्बेरॉस (डोमेनची ओळख पटवण्याची पद्धत) तिकीट डोमेनमधला कोणीही साधा वापरकर्ता मागू शकतो, आणि ते तिकीट त्या खात्याच्या पासवर्डापासून बनलेल्या किल्लीने बंद केलेलं असतं. ते घरी नेऊन फोडत बसायचं. लॉकआउट नाही, चुकीच्या प्रयत्नाची एकही नोंद नाही. याला केर्बेरोस्टिंग म्हणतात. अशी खाती नेहमी जुनी, ‘मुदत कधीच संपत नाही’वर खूण केलेली, पासवर्ड २००९ सालचा, आणि वर डोमेन ॲडमिन ग्रुपमध्ये असतात. शक्य तिथे ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट वापरा. त्याचा २४० बाइटचा पासवर्ड डोमेनच सांभाळतं आणि दर ३० दिवसांनी बदलतं. तर तुमच्या ३० दिवसांच्या नियमाला योग्य जागा मिळाली: जिथे बदलणारा माणूस नाही तिथे. जिथे हे जमत नाही तिथे वेगळा पीएसओ, ३० अक्षरं, पासवर्ड मॅनेजरमध्ये. संगणकांवरच्या स्थानिक ॲडमिन खात्यांसाठी विंडोज लॅप्स आहे. एप्रिल २०२३ पासून ते विंडोजमध्येच येतं आणि प्रत्येक मशीनचा पासवर्ड वेगळा ठेवतं.

दुसऱ्या घटकाबद्दल एकच उदाहरण देतो. मे २०२१ मध्ये कलोनिअल पाइपलाइन या अमेरिकन कंपनीची इंधनवाहिनी काही दिवस बंद पडली. हल्लेखोर आत आले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कात येण्याची वाट) प्रवेशातून, ज्याला दुसरा घटक नव्हता. पासवर्ड साधासुधा नव्हता, असं कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटच्या समितीसमोर सांगितलं. तुमच्या नियमावलीत तो पासवर्डही पास झाला असता. म्हणून व्हीपीएन, ईमेल आणि ॲडमिन खाती, या तिन्हींना दुसरा घटक आधी, पासवर्डांची लांबी नंतर. ॲडमिनना जमलं तर फिडो-२ ची की (लॉगिनसाठी लावायची छोटी सुरक्षा किल्ली) द्या. ती खोट्या पानावर चालतच नाही, म्हणजे वरचा तो चौथा हल्लाही अडतो.

ऑडिटर अडून बसला तर आधी विचारा, कुठल्या मानकाप्रमाणे. तुमच्याकडे कार्डांचा डेटा असेल आणि पीसीआय डीएसएस (कार्डांच्या डेटासाठीचं सुरक्षा मानक) लागू असेल, तर चौथ्या आवृत्तीत १२ अक्षरं, अक्षरं आणि अंक दोन्ही, दहा चुकांच्या आत लॉक आणि तो निदान ३० मिनिटांचा. आणि ९० दिवसांनी बदल फक्त तिथे, जिथे पासवर्ड हा एकमेव घटक आहे, तिथेही खात्याच्या धोक्याचं सतत विश्लेषण करत असाल तर नाही. हा भाग निस्टशी पूर्ण जुळत नाही, पण मानक लागू असेल तर वाद घालू नका. त्या लोकांचा ग्रुप करून त्यांना वेगळा पीएसओ द्या, पूर्ण संस्थेला त्याच मापाने मोजू नका. ३० दिवस मात्र यात कुठेच नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं: क्रम. इथे मी हात पोळून घेतले आहेत.

किमान लांबी वाढवली म्हणून जुने पासवर्ड बाद होत नाहीत. सर्व्हरकडे फक्त हॅश आहे, त्याला लांबी कळतच नाही. नियम पुढच्या बदलाच्या वेळी लागतो. म्हणजे तुम्ही एकाच दिवशी लांबी १५ केली आणि मुदतही काढून टाकली, तर आजचे ८ अक्षरांचे पासवर्ड कायमचे अमर झाले. आधी लांबी आणि बंदी यादी लागू करा, मग जुनी मुदत एक पूर्ण फेरी फिरू द्या, प्रत्येकाचा शेवटचा बदल त्या तारखेनंतरचा आहे हे तपासा, आणि मगच मुदत काढा. ३० दिवसांचा नियम आज तुमच्याकडे आहे हे या एका कामापुरतं सोयीचंच आहे. महिन्याभरात फेरी पूर्ण होईल.

उलट दिशेने मुदत मात्र ताबडतोब लागते, कारण ती पासवर्ड शेवटचा कधी बदलला त्या तारखेवरून मोजली जाते. एके ठिकाणी मुदत अजिबात नव्हती. मी शुक्रवारी संध्याकाळी ती ९० दिवस केली आणि घरी गेलो. सोमवारी सकाळी ज्यांनी तीन महिन्यांत पासवर्ड बदलला नव्हता, म्हणजे जवळजवळ सगळ्यांचीच मुदत एकदम संपलेली. कार्यालयात असलेल्यांनी कुरकुरत बदलला. बाहेरगावी असलेल्यांना बदलण्यासाठी व्हीपीएन लागत होतं, आणि व्हीपीएनला तोच संपलेला पासवर्ड. तेव्हापासून असा कुठलाही बदल मी आधी आयटीच्या लोकांवर, मग एका विभागावर, असा पीएसओने टप्प्याटप्प्याने नेतो. आणि शुक्रवारी तर नाहीच.

किमान लांबी भरताना एक खोडा येईल. ग्रुप पॉलिसीच्या खिडकीत वर्षानुवर्षं १४ च्या पुढे आकडा जातच नव्हता. नव्या आवृत्त्यांत ही मर्यादा सैल करणारी वेगळी सेटिंग आहे. पीएसओत ही अडचण नाही. त्यामुळे मी मूळ डोमेन पॉलिसीत १४ ठेवतो आणि १५ किंवा जास्त पीएसओमधून देतो. जुनी सॉफ्टवेअर लांब पासवर्ड घेतात का तेही आधी बघा. एका हजेरीच्या प्रणालीने पासवर्ड गुपचूप १२ अक्षरांवर कापला होता, आणि दोन दिवस आम्ही डोमेनमध्ये दोष शोधत होतो.

तुमच्या आकड्यांपुरतं सांगायचं तर: सर्वांना १४, लेखा विभागाला आणि व्हीपीएनवाल्यांना १५, ॲडमिनना २० आणि वेगळं खातं. कॉम्प्लेक्सिटी बंदी यादी चालू होईपर्यंत राहू द्या, नंतर काढा. लॉकआउट १० आणि १५ मिनिटं. मुदत वर सांगितलेल्या क्रमाने. पासवर्ड पेस्ट करण्यावर तुमच्या एखाद्या ॲपने बंदी घातली असेल तर ती उठवा, नाहीतर पासवर्ड मॅनेजर देऊन उपयोग नाही. ‘आईचं माहेरचं आडनाव’ छाप सुरक्षा प्रश्न कुठे असतील तर काढून टाका. आणि हेल्पडेस्कला लिहून द्या, की फोनवरून रीसेट मागणाऱ्याला त्याच्या नोंदवलेल्या नंबरवर उलट फोन करायचा. नुसता आवाज ओळखीचा वाटला म्हणून रीसेट करायचं नाही.

लेखा विभागाचा पीएसओ लावल्यावर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटरमध्ये त्यांच्यापैकी एकाच्या खात्यावर जाऊन ‘रिझल्टंट पासवर्ड सेटिंग्ज’ उघडून बघा. तुमच्या पीएसओचं नाव दिसलं तर झालं. काहीच दिसलं नाही तर ग्रुप ग्लोबल आहे की युनिव्हर्सल ते आधी तपासा; युनिव्हर्सल ग्रुपला जोडलेला पीएसओ नुसता बसून राहतो, लागत नाही. माझ्याकडे दोनदा तेच निघालं होतं.